पुलमन, १८९४ : एकाच मालकाचे दोन हिशेब

विल्यम कारवार्डिन हे शिकागोजवळच्या पुलमन गावातल्या मेथडिस्ट चर्चचे पाद्री. १८९४च्या संपाच्या दिवसांत त्यांनी गावातल्या हालअपेष्टांची जी हकिकत लिहिली, तिच्यात एका कामगाराच्या पगाराच्या चेकचा उल्लेख आहे. घरभाडं वळतं होऊन त्याच्या हातात पडलेला चेक होता दोन सेंटचा. त्याने तो वटवला नाही. आठवण म्हणून चौकटीत बसवून घरी ठेवला.

पुलमनचा संप पुस्तकांत येतो तो रेल्वेबंदी, लष्कर आणि रेल्वे कामगारांचे पुढारी युजीन डेब्स यांच्या निमित्ताने. ते सगळं घडलंच, आणि पुढे त्याबद्दल लिहितोच. पण मला हे प्रकरण उलगडायला सुरुवात झाली ती या चेकपासून. नोकरी देणारी आणि घर देणारी कंपनी एकच होती. पगार तीच ठरवायची, भाडंही तीच ठरवायची. तरीही पगार आणि भाडं हे दोन निराळे धंदे आहेत, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही, असं ती शेवटपर्यंत सांगत राहिली. कामगारांचं म्हणणं एवढंच होतं की हे दोन्ही हिशेब आमच्या एकाच खिशातून जातात, तेव्हा त्यावर आमच्याशी बोला. ते बोलणं झालं नाही आणि अडीच महिन्यांच्या आत निम्म्या देशाची रेल्वे ठप्प होऊन रस्त्यावर सैन्य आलं.

गाव कसं होतं

जॉर्ज पुलमन यांचा जन्म १८३१चा. शिकागोतले रस्ते आणि गटारं उंचावण्याचं काम निघालं तेव्हा उभ्या इमारती जॅक लावून वर उचलण्याच्या कंत्राटांतून त्यांनी नाव कमावलं. मग ते रेल्वेच्या झोपायच्या डब्यांकडे वळले. १८६७मध्ये पुलमन पॅलेस कार कंपनी स्थापन झाली. ही कंपनी आपले आलिशान डबे रेल्वेला विकत नसे. डबे कंपनीचे, त्यातले नोकर कंपनीचे आणि प्रवाशाकडून घेतलेलं जादा भाडंही कंपनीचं. रेल्वे कंपन्या कराराने ते डबे आपल्या गाड्यांना जोडत. पुढे संपाने जे वळण घेतलं ते या व्यवस्थेमुळेच.

१८८०मध्ये शिकागोच्या दक्षिणेला कॅल्युमेट तळ्याकाठी कंपनीने घेतलेल्या सुमारे ४,००० एकर जमिनीवर कारखाना आणि गाव एकदमच उभं राहू लागलं. सोलन बीमन नावाच्या तरुण वास्तुविशारदाने आखलेलं हे गाव त्या काळच्या कामगारवस्त्यांशी ताडून पाहिलं तर थक्क व्हायला होतं. विटांची पक्की घरं, आत नळाचं पाणी, गॅस, भुयारी गटारं, फरसबंद रस्ते, झाडं, बाग. सांडपाणी पंपाने गावाबाहेरच्या शेतावर नेऊन तिथे भाजीपाला पिकवला जाई आणि तो विकला जाई. आर्केड नावाच्या मोठ्या इमारतीत दुकानं, नाट्यगृह, वाचनालय. शिकागोच्या कामगारवस्त्यांत त्या वेळी उघडी गटारं आणि पटकीची भीती होती, हे लक्षात घेतलं की या गावाचं मोल नाकारता येत नाही.

पण गावातली एकही वीट रहिवाशाची नव्हती. घर विकत मिळत नसे, फक्त भाड्याने मिळे, आणि दहा दिवसांच्या नोटिशीवर ते खाली करून घेता येई. वाचनालयाची वर्गणी वर्षाला ३ डॉलर. गावात गुत्ता नव्हता. मालकाच्या मुलीचं नाव दिलेल्या फ्लॉरेन्स हॉटेलात बार होता, पण तो पाहुण्यांसाठी. हिरव्या दगडाचं देखणं चर्च बांधलं, तर त्याचं भाडं एवढं की कोणत्याही पंथाच्या मंडळीला ते परवडेना, म्हणून ते कित्येक वर्षं रिकामंच होतं. पुलमन यांनी हे कधी लपवलं नाही. गाव धर्मादाय नाही, त्यातल्या गुंतवणुकीवर ६ टक्के परतावा मिळाला पाहिजे, हे त्यांनी उघड सांगितलं होतं. चांगल्या घरात राहणारा कामगार दारू पिणार नाही, संप करणार नाही, काम नीट करेल, म्हणजे गावाचा खर्च दोन्हीकडून भरून निघेल, असा त्यांचा हिशेब होता.

अर्थतज्ज्ञ रिचर्ड इली यांनी गाव पाहून १८८५मध्ये एका मासिकात लेख लिहिला. घरांची, स्वच्छतेची, आखणीची त्यांनी मनापासून तारीफ केली. पण इथले लोक मोकळेपणी बोलायला कचरतात, कोणत्याही बाबतीत त्यांना मत द्यायला जागा नाही, असंही त्यांनी नोंदवलं. त्यांचा निष्कर्ष असा की ही सद्भावनेची सरंजामशाही आहे : लोक सुखी व्हावेत ही तिची इच्छा खरी, पण ते सुख वरच्यांना पसंत पडेल त्याच पद्धतीचं. संपाच्या नऊ वर्षं आधीचं हे निदान आहे. गावात कामगार आपसात म्हणत, की आपण पुलमनच्या घरात जन्मतो, पुलमनच्या दुकानातलं खातो, पुलमनच्या शाळेत शिकतो आणि मेल्यावर पुलमनच्याच नरकात जाणार.

मंदी

१८९३च्या उन्हाळ्यात शिकागोत जागतिक प्रदर्शन भरलं होतं. स्वामी विवेकानंद ज्या धर्मपरिषदेत बोलले ती याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरली होती. प्रदर्शनाला आलेले पाहुणे पुलमन गावही बघून जात. त्याच महिन्यांत देशातल्या बँका आणि रेल्वे कंपन्या एकामागून एक कोसळत होत्या. नव्या डब्यांच्या ऑर्डरी थांबल्या. पुलमनच्या कारखान्यातून हजारो माणसं कमी झाली. काहींना हिवाळ्यात परत घेतलं, पण कमी मजुरीवर. कपात सरासरी २५ टक्क्यांच्या आसपास, आणि नगावर मजुरी घेणाऱ्या बऱ्याच जणांची त्याहून कितीतरी जास्त.

कंपनीची बाजू अशी. मंदीत काम चालू राहावं म्हणून आम्ही तोट्यात ऑर्डरी घेतल्या आणि त्यात सुमारे ५० हजार डॉलर गमावले. हे खोटं नव्हतं. पण कारखाना बंद ठेवला असता तर यंत्रं गंजली असती, घरं रिकामी पडली असती आणि गिऱ्हाइकं प्रतिस्पर्ध्यांकडे गेली असती, तेव्हा तोट्यातल्या ऑर्डरीत कंपनीचाही स्वार्थ होता, हे पुढे सरकारी चौकशी आयोगाने दाखवून दिलं. शिवाय अधिकाऱ्यांचे आणि सुपरिंटेंडेंटांचे पगार कापले गेले नव्हते.

आता कंपनीच्या ताळेबंदातले दोन आकडे शेजारी ठेवून पाहू. जुलै १८९३ला संपलेल्या वर्षात मजुरीपोटी सुमारे ७२ लाख डॉलर गेले आणि भागधारकांना लाभांश मिळाला २५ लाख २० हजार. जुलै १८९४ला संपलेल्या वर्षात मजुरी उतरली ४५ लाखांच्या खाली आणि लाभांश चढला २८ लाख ८० हजारांवर. मजुरीच्या रकमेतली घट अर्थातच नुसत्या दरकपातीची नाही, माणसंही कमी झाली होती. तरी मंदीचा सगळा भार कोणी उचलला, हे या चार रकमा सांगतात.

भाडं मात्र एका सेंटने उतरलं नाही. आसपासच्या वस्त्यांत तशाच घराला जे भाडं होतं त्यापेक्षा पुलमनमधलं २० ते २५ टक्के जास्त, असं आयोगाला आढळलं. मग लोक बाहेर का राहायला गेले नाहीत? काम कमी असतं तेव्हा गावात राहणाऱ्याला आधी बोलावलं जाई, म्हणून. इलिनॉयच्या कायद्याने मजुरीतून परस्पर भाडं कापायला बंदी होती. त्यावर तोड म्हणून कंपनी दोन चेक देई, एक भाड्याच्या रकमेचा आणि एक उरलेल्याचा, आणि भाड्याच्या चेकवर तिथल्या तिथे सही करून तो परत घेतला जाई. कंपनीच्या बाजूने एक गोष्ट नोंदवायलाच हवी. त्या हिवाळ्यात भाडं थकलं म्हणून तिने कोणाला घराबाहेर काढलं नाही. संप सुरू झाला तेव्हा थकबाकी ७० हजार डॉलरपर्यंत गेली होती. गुंतवणुकीवर ६ टक्के सुटायला हवेत आणि प्रत्यक्षात ४ टक्केही सुटत नाहीत, मग भाडं कुठून उतरवणार, असं तिचं उत्तर होतं. जमाखर्च म्हणून ते चूक नाही. पण ६ टक्क्यांचा आकडा गाव वसवताना एकाच माणसाने ठरवला होता, आणि घरात उपाशी पोरं असलेल्या भाडेकऱ्याला त्याबद्दल कोणी विचारलं नव्हतं.

जेनी कर्टिस ही दुरुस्ती विभागात शिवणकाम करणारी तरुणी. तिचे वडील वर्षानुवर्षं याच कंपनीत होते. तीन महिने आजारी राहून ते सप्टेंबर १८९३मध्ये वारले तेव्हा भाड्याचे सुमारे ६० डॉलर थकले होते. ते आता तू फेड, असं कंपनीने मुलीला सांगितलं. पंधरवड्याला नऊ-दहा डॉलर हाती येत, त्यातले सात जेवणाखाण्याला जात आणि उरलेले दोन-तीन ती वडिलांच्या थकबाकीपोटी भरत असे. पुढे तिचीही मजुरी कापली गेली आणि तेवढंही उरेनासं झालं.

संप

७ मे १८९४ला कामगारांची समिती उपाध्यक्ष थॉमस विक्स यांना भेटली. ९ मेला खुद्द पुलमन समितीसमोर आले. मजुरी वाढवता येणार नाही, भाड्याचा प्रश्न वेगळा आहे, मात्र समितीतल्या कोणावर आकस धरला जाणार नाही, असं त्यांनी सांगितलं. दुसऱ्याच दिवशी समितीतल्या तिघांना कामावरून बसवलं. काम नव्हतं म्हणून बसवलं, समितीशी त्याचा संबंध नाही, असं कंपनीने नंतर सांगितलं. तसं असेलही, पण त्या दिवशी त्यावर विश्वास ठेवणारा एकही माणूस कारखान्यात सापडला नसता. पुलमनमध्ये युनियनच्या सभेला जागा मिळत नसे, म्हणून लोक शेजारच्या केन्सिंग्टनमध्ये जमत. ११ मेला काम थांबलं. युनियनच्या पुढाऱ्यांनी घाई करू नका असा सल्ला दिला होता, तो ऐकण्याच्या मनःस्थितीत कोणी नव्हतं.

पहिल्या सहा आठवड्यांत गावात एक काच फुटली नाही. कारखान्याचं नुकसान होऊ नये म्हणून संपकऱ्यांनी स्वतःच तीनशेच्या आसपास माणसं पहाऱ्याला लावली होती.

हे कामगार अमेरिकन रेल्वे युनियनचे सभासद होते. कंपनीच्या मालकीचे थोडे मैल रूळ होते, त्या आधारावर त्यांना रेल्वे कामगार मानून घेतलं होतं. ही युनियन जेमतेम एका वर्षाची. तोवर रेल्वेत इंजिन ड्रायव्हर, फायरमन, कंडक्टर यांच्या वेगवेगळ्या संघटना होत्या आणि एकाच्या संपात दुसरे कामावर राहत. इंडियानातल्या टेरे होटचे युजीन डेब्स स्वतः तरुणपणी फायरमन होते आणि फायरमनांच्या संघटनेत वर्षानुवर्षं पदाधिकारी होते. ही फाटाफूट मोडण्यासाठी त्यांनी १८९३मध्ये सगळ्या रेल्वे कामगारांची एकच युनियन काढली. एप्रिल १८९४मध्ये ग्रेट नॉर्दर्न रेल्वेवरचा संप तिने १८ दिवसांत जिंकला आणि सभासदसंख्या दीड लाखाच्या घरात गेली.

१२ जूनला युनियनचं अधिवेशन शिकागोत भरलं. जेनी कर्टिस तिथे उभी राहून बोलली. प्रतिनिधींनी कंपनीकडे लवादाची मागणी पाठवली. उत्तर आलं : लवादाकडे देण्यासारखं काही नाही. शिकागोतल्या हल हाउस या समाजसेवी संस्थेच्या जेन अॅडम्स यांनी मध्यस्थीचा प्रयत्न केला, त्यांनाही हेच उत्तर. पुढे पन्नासहून अधिक शहरांच्या महापौरांनी लवादाची विनंती केली, त्यांनाही हेच. डेब्स स्वतः या लढ्यात उडी घ्यायला नाखूश होते. पण अधिवेशनाने ठरवलं की २६ जूनच्या दुपारपासून पुलमनचा डबा लागलेली कोणतीही गाडी आमचे लोक चालवणार नाहीत.

याच अधिवेशनात आणखी एक मतदान झालं. काळ्या रेल्वे कामगारांना सभासद करून घ्यायचं का? डेब्स यांनी घ्यायच्या बाजूने आग्रह धरला. ११२ विरुद्ध १०० मतांनी दार बंद झालं. पुलमनच्या डब्यांतले पोर्टर, म्हणजे प्रवाशांच्या दिमतीला असणारे नोकर, जवळजवळ सगळे काळे होते, यादवी युद्धानंतर गुलामीतून सुटलेल्यांतून आणि त्यांच्या मुलाबाळांतून भरती केलेले. ज्या डब्यांवर बहिष्कार घालायचा त्याच डब्यांत काम करणारी माणसं युनियनबाहेर ठेवली गेली. मतं फिरली असती तर संप जिंकला असता असा दावा मी करणार नाही. समोर जी ताकद उभी राहिली ती फार मोठी होती. पण पुलमनकडे सगळे प्रयत्न करून जे मिळालं नाही, ते दुसऱ्यांना देण्याची संधी या प्रतिनिधींच्या हातात होती आणि बारा मतांनी त्यांनी ती घालवली. संपकऱ्यांच्या रिकाम्या जागांवर काही काळे कामगार गेले तेव्हा त्यांच्या नावाने बोटं मोडणाऱ्यांनी हे मतदान आठवायला हवं होतं.

टपालाचा डबा

बहिष्काराची रीत साधी होती. यार्डातला सांधेवाला पुलमनचा डबा गाडीला लावायला नकार देई. त्याला काढून टाकलं की त्या यार्डातले सगळे काम सोडून उठत. काही दिवसांत सव्वा लाख माणसं बाहेर होती. पुढे २७ राज्यांत मिळून अडीच लाखांपर्यंत आकडा गेला. शिकागो ते पश्चिम किनारा वाहतूक जवळपास थांबली.

शिकागोत येणाऱ्या २४ रेल्वे कंपन्यांच्या व्यवस्थापकांची एक संघटना होती. तिने रेल्वेपुरता लढा हातात घेतला आणि टपालाच्या गाड्यांना पुलमनचे डबे जोडले जाऊ लागले. टपालाची गाडी घेऊन जायला डेब्स यांची तयारी होती, पण पुलमनचा डबा काढून. कंपन्या म्हणत, गाडी जाईल तर आहे तशी जाईल. गाडी अडली की केंद्र सरकारचं टपाल अडलं, आणि प्रकरण कंपनी आणि कामगार यांच्यातलं न राहता वॉशिंग्टनचं झालं.

वॉशिंग्टनमध्ये अॅटर्नी जनरल, म्हणजे केंद्र सरकारचे मुख्य कायदा अधिकारी, होते रिचर्ड ओल्नी. उभी कारकीर्द रेल्वे कंपन्यांचे वकील म्हणून केलेले, आणि पदावर असतानाही एका रेल्वेकडून मानधन घेणारे. शिकागोतल्या खटल्यासाठी त्यांनी खास सरकारी वकील नेमले एडविन वॉकर, तेही रेल्वेचेच वकील. २ जुलैला केंद्रीय न्यायालयाने मनाई हुकूम काढला. त्याचा आधार होता टपाल, आंतरराज्य व्यापार आणि १८९०चा शर्मन कायदा. मक्तेदार कंपन्यांना वेसण घालायला केलेला हा कायदा इथे कामगारांवर वापरला गेला.

हुकुमाची व्याप्ती नीट वाचण्यासारखी आहे. दंगा, मोडतोड, धमकी यांना बंदी असती तर कोणी हरकत घेतली नसती. पण या हुकुमाने कोणाही रेल्वे कामगाराला काम सोडण्यासाठी मन वळवण्याचीही बंदी केली. म्हणजे डेब्स यांनी कुठल्याही गावच्या शाखेला, डटून राहा, अशी तार केली तरी तो न्यायालयाचा अवमान. संप दोन हजार मैलांवर पसरलेला आणि तो चालवण्याचं एकमेव साधन तार. नंतर आयोगासमोर डेब्स यांनी सांगितलं की संप रेल्वे कंपन्यांनी मोडला नाही, सैन्यानेही नाही, न्यायालयाने मोडला. कार्यालय ओस पडलं, तारांना उत्तर द्यायला कोणी उरलं नाही, आणि गावोगावचे लोक एकटे पडले. ही साक्ष मला पटते. सैन्याची छायाचित्रं लक्षात राहतात, पण संपाचा कणा मोडला तो त्या कागदाने.

३ जुलैला राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलँड यांनी फौज पाठवली आणि ४ जुलैला, स्वातंत्र्यदिनी, ती शिकागोत उतरली. इलिनॉयचे गव्हर्नर जॉन आल्टगेल्ड यांनी फौज मागितली नव्हती. राज्याचं सैन्य पुरेसं आहे, तुम्ही राज्यघटना डावलता आहात, असा निषेध त्यांनी तारेने कळवला. फौज येईपर्यंत शिकागोत मोठी मोडतोड नव्हती. ती आल्यावर उसळली. ६ जुलैला दक्षिणेकडच्या यार्डांत शेकडो मालडबे जळाले. दुसऱ्या दिवशी राज्याच्या सैनिकांनी जमावावर गोळ्या झाडल्या. शिकागोत १२ माणसं गोळ्यांना बळी पडली, देशभरात त्याहून बरीच जास्त. केंद्राने ३,६०० खास डेप्युटी मार्शल नेमले होते; त्यांची निवड रेल्वे कंपन्यांनी केली, बंदुका आणि पगारही त्यांनीच दिले. सरकारचा बिल्ला छातीवर आणि पगार एका पक्षकाराचा, ही गोष्ट मला या प्रकरणात सगळ्यात भयंकर वाटते.

१० जुलैला डेब्स यांना अटक झाली. सॅम्युएल गॉम्पर्स यांच्या अमेरिकन फेडरेशन ऑफ लेबर या युनियनांच्या महासंघाने सार्वत्रिक संपाला नकार दिला. ऑगस्टच्या सुरुवातीला संप संपला, कारखाना उघडला आणि युनियन सोडल्याची सही देणाऱ्यालाच आत घेतलं गेलं.

एक गैरसमज इथेच दूर करतो. या संपातल्या बळींमुळे खजील होऊन क्लीव्हलँड यांनी सप्टेंबरमधली कामगार दिनाची सुट्टी दिली, असं सर्रास सांगितलं जातं. तारखा तसं सांगत नाहीत. त्या कायद्यावर सही झाली २८ जूनला, म्हणजे बहिष्काराच्या तिसऱ्या दिवशी, फौज निघण्याच्या आधी.

आयोग, न्यायालय आणि नंतर

क्लीव्हलँड यांनीच नेमलेल्या तीन सदस्यांच्या आयोगाचे अध्यक्ष होते कॅरोल राइट, केंद्राचे कामगार आयुक्त. आयोगाने शिकागोत १०९ साक्षी घेतल्या. पुलमन यांनाही बोलावलं. इतकी गंगाजळी असताना मंदीत मजुरी थोडी सांभाळता आली नसती का, या प्रश्नावर त्यांचं उत्तर होतं की तो त्या माणसांना पैसे बक्षीस देण्याचा प्रकार झाला असता. लवाद का नको? आपली मालमत्ता आपण चालवायची हे तत्त्व सोडता येत नाही, म्हणून.

अहवालाने कंपनीला बोल लावले आणि रेल्वे व्यवस्थापकांच्या संघटनेलाही. गावाच्या सौंदर्याबद्दल त्यात म्हटलं आहे की पाहुण्यांना त्याचं कौतुक वाटतं, पण कामगाराच्या लेखी त्याला फारसं मोल नाही, विशेषतः घरात पाव नसेल तेव्हा. सरकारी अहवालात असं वाक्य क्वचित वाचायला मिळतं. रेल्वेतल्या तंट्यांसाठी कायमची यंत्रणा असावी ही त्याची शिफारस १८९८च्या अर्डमन कायद्यात काही अंशी उतरली.

सर्वोच्च न्यायालयाने मात्र मे १८९५मध्ये एकमताने मनाई हुकूम उचलून धरला. डेब्स यांची बाजू मांडणाऱ्यांत क्लॅरन्स डॅरो होते, जे या खटल्यासाठी रेल्वे कंपनीची वकिली सोडून आले होते. डेब्स सहा महिने वुडस्टॉकच्या तुरुंगात राहिले. पुढे ते समाजवादी उमेदवार म्हणून पाच वेळा राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले आणि १९२०मध्ये, अटलांटाच्या तुरुंगात कैदी असताना, त्यांना नऊ लाखांहून अधिक मतं पडली. संप मोडायला मनाई हुकूम हे त्यानंतरची जवळपास चाळीस वर्षं मालकांचं हुकमी हत्यार राहिलं. १९३२च्या नॉरिस-ला गार्डिया कायद्याने त्याला लगाम बसला.

पुलमन १८९७मध्ये वारले. कोणी विटंबना करेल या भीतीने घरच्यांनी शवपेटी काँक्रीट आणि लोखंडी रुळांखाली पुरली. पुढच्या वर्षी इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की डबे बांधायच्या सनदेवर कंपनीला गाव बाळगता येणार नाही. घरं विकली गेली, बरीचशी भाडेकऱ्यांनाच. त्यानंतर त्या घरांच्या हिशेबात कंपनीचा हात राहिला नाही.

पण डब्यांतल्या पोर्टरांचा हिशेब तसाच राहिला. १९२०च्या दशकात कंपनीत दहा हजारांहून अधिक पोर्टर होते. काळ्या माणसांना एवढ्या संख्येने नोकरी देणारी दुसरी खाजगी कंपनी देशात नव्हती. महिन्याला ४०० तासांचं किंवा ११,००० मैलांचं काम. पगार तुटपुंजा, भिस्त बक्षिसीवर. प्रवाशांचे बूट पुसायचं पॉलिशही पदरच्या पैशाने आणायचं. प्रवासी त्यांना सरसकट जॉर्ज म्हणून हाक मारत, मालकाच्या नावाने, जसं गुलामाला धन्याच्या नावाने ओळखलं जाई. २५ ऑगस्ट १९२५ला हार्लेममध्ये त्यांनी ब्रदरहुड ऑफ स्लीपिंग कार पोर्टर्स ही युनियन काढली आणि अध्यक्ष केलं ए. फिलिप रँडॉल्फ यांना. रँडॉल्फ पोर्टर नव्हते, पत्रकार होते; त्यांना कामावरून काढणं कंपनीच्या हातात नव्हतं. वर्षानुवर्षं कंपनी त्यांच्याशी बोलायला तयार नव्हती. हेर लावले, माणसं काढली, स्वतःची पाळीव युनियन उभी केली. २५ ऑगस्ट १९३७ला अखेर तिने करारावर सही केली. महिन्याचे तास ४०० वरून २४० वर आले आणि पगार वाढला. ४३ वर्षांपूर्वी ज्या कंपनीने लवादाकडे देण्यासारखं काही नाही म्हटलं होतं, तिच्याकडून हा करार मिळवला तो १८९४च्या युनियनने बाहेर ठेवलेल्या माणसांनी.

याच संघटनेच्या जोरावर रँडॉल्फ यांनी १९४१मध्ये वॉशिंग्टनवर मोर्चा आणण्याचा इशारा दिला, आणि २५ जूनला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी संरक्षण कारखान्यांतल्या वंशभेदावर बंदी घालणारा आदेश क्रमांक ८८०२ काढला. १ डिसेंबर १९५५ला अलाबामातल्या मॉन्टगोमेरीत गोऱ्या प्रवाशासाठी बसमधली जागा न सोडल्याबद्दल रोझा पार्क्स यांना अटक झाली तेव्हा त्यांच्या जामिनासाठी धावलेले ई. डी. निक्सन पुलमनचे पोर्टर होते, ब्रदरहुडच्या मॉन्टगोमेरी शाखेचे अध्यक्ष. बसवर बहिष्कार घालण्यासाठी दुसऱ्या दिवशी सकाळपासून त्यांनी एकेकाला फोन लावायला सुरुवात केली.